बागूलभाऊंच्या रक्तात दिसलं ते

पॅथॉलॉजिस्ट हासुद्धा डॉक्टरच असतो, हे माझ्या सासरच्या निम्म्या लोकांना अजून पटलेलं नाही. लग्नकार्यात ओळख करून देताना कोणीतरी म्हणतंच, "या आमच्या वहिनी, रक्त तपासतात." मग समोरचे गृहस्थ विचारतात, "माझी साखर किती असेल हो?" जणू काही चेहरा बघून साखर सांगता येते. तीसेक वर्षं मी नाशिकमध्ये शालिमार चौकाजवळ एका पहिल्या मजल्यावर लॅब चालवली. त्या काळात कितीतरी लोकांच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट बातमी त्यांच्याआधी मी वाचली, पण त्यातल्या बहुतेकांनी मला पाहिलेलंही नाही. त्यांना माझी ओळख म्हणजे रिपोर्टाच्या तळाशी असलेली सही, आणि तीही कोणाला वाचता येत नसे.

याची मला खंत नाही. उलट सुरुवातीला मी ही शाखा निवडली ती माणसांशी फार बोलावं लागत नाही म्हणूनच. पण एका माणसाशी मला बोलावं लागलं, आणि त्यानंतर मी बरीच बोलकी झाले. ते होते मनमाडचे सुकदेव बागूल. रेल्वेत फिटर होते, निवृत्त होऊन थोडाच काळ झाला होता.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. बागूलभाऊ कंबरदुखीने हैराण होऊन नाशिकला एका हाडांच्या डॉक्टरांकडे आले होते. पट्टा बांधून झाला, वजनं लावून झाली, शेक घेऊन झाला. दुखणं कमी होईना आणि माणूस पांढराफटक पडत चालला, तेव्हा डॉक्टरांनी हिमोग्लोबिन बघायला त्यांचं रक्त माझ्याकडे पाठवलं. हिमोग्लोबिन कमी निघालं. आमच्याकडे असे रिपोर्ट रोज निघायचे, लोहाच्या गोळ्या सुरू व्हायच्या आणि विषय मिटायचा. मला मात्र एक सवय होती. हिमोग्लोबिन कमी आलं की त्या रक्ताची काचपट्टी मी स्वतः बघत असे.

हे काचपट्टीचं काम साधं असतं. रक्ताचा एक थेंब काचेवर घेऊन दुसऱ्या काचेच्या कडेने पातळ ओढायचा, वाळवायचा, रंगवायचा आणि मायक्रोस्कोपखाली ठेवायचा. मग लाल पेशी दिसतात, गोल आणि मधे फिकट. मधूनमधून जांभळ्या केंद्रकाच्या पांढऱ्या पेशी. लाल पेशीला केंद्रक नसतं. तिच्या लहानपणी ते असतं, पण तेव्हा ती हाडाच्या पोकळीतल्या मज्जेत असते. रक्त तयार होतं ते तिथेच. केंद्रक टाकून दिल्याशिवाय तिला बाहेर सोडत नाहीत. मोठ्या माणसाच्या रक्तात केंद्रकवाली लाल पेशी दिसली, की अर्धवट तयार झालेला माल कारखान्याच्या गेटाबाहेर पडला असं समजायचं आणि आत काय गोंधळ चाललाय ते बघायला जायचं.

बागूलभाऊंच्या काचपट्टीवर मला अशी एक पेशी दिसली. पट्टी सरकवली तर आणखी एक. मग पांढऱ्या पेशींचीही कच्ची पोरं दिसायला लागली, आणि अश्रूच्या आकाराच्या लाल पेशी. मी खुर्चीतून उठले, पाणी प्यायले आणि पुन्हा बसून बघितलं. काही फरक पडला नाही.

हाडांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "एक्सरेत मणके जरा पांढरे दिसत होते खरे. मला वाटलं, वयाची झीज असेल."

"मज्जा बघायला हवी," मी म्हणाले. "आत कोणीतरी जागा अडवली आहे."

दोनतीन दिवसांनी बागूलभाऊ आले. आले म्हणजे त्यांना आणलं. खुर्चीत बसवून दोन माणसांनी जिन्याने वर उचललं. उंच, रुंद खांद्यांचा माणूस, हात एवढे मोठे की खुर्चीचे दांडे त्यात दिसेनासे झाले होते. बरोबर त्यांची बायको हिराबाई आणि नांदगावचा पुतण्या अशोक. अशोकचं तिथे कापडाचं दुकान होतं. काकांना मूलबाळ नव्हतं, तोच सगळं बघत होता.

मज्जा काढायची सुई कमरेच्या हाडात घालतात. जागा बधिर करतात, पण आत ओढताना जी कळ येते ती येतेच. मी ओढलं, काहीच आलं नाही. जागा बदलली, तरी कोरडंच. पालथे पडलेले बागूलभाऊ घामाने भिजले होते, तरी बोलले, "काय मॅडम, जाम झालं का? थोडं ऑइल सोडा."

माझ्या मदतनीस बाईंना हसू आवरेना, आणि मलाही. मग मी जाड सुई घेतली आणि हाडाचा बारीक तुकडाच काढला. तो रसायनात मुरून कापण्याजोगा व्हायला काही दिवस लागतात, पण काढल्या काढल्या काचेवर हलकेच टेकवला तर काही पेशी चिकटून येतात. ती काच रंगवून मी लगेच बघितली. मज्जेच्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. त्यांच्या जागी मोठ्या, एकमेकींना बिलगलेल्या पेशींचे घोळके होते. रक्ताशी त्यांचं काही नातं नव्हतं. दुसरीकडून आलेल्या होत्या.

कुठून, ते कळायला आठवडा गेला. मणके असे पांढरे दिसले की या वयाच्या पुरुषात पहिला संशय प्रोस्टेटचा. त्यासाठी आज सर्रास होते ती रक्तातल्या पीएसएची तपासणी तेव्हा आमच्याकडे होत नसे, नमुना मुंबईला पाठवावा लागे. तो गेला. दरम्यान मूत्ररोगाचे सर्जन डॉ. देवधर यांनी बागूलभाऊंना तपासलं. प्रोस्टेट, म्हणजे पुरुषाच्या मूत्राशयाखाली असते ती ग्रंथी, दगडासारखी कडक लागली. तिचा तुकडा माझ्याकडे आला. एका बाजूला कमरेच्या हाडातली काच, दुसऱ्या बाजूला ग्रंथीतली. दोन्हीकडे त्याच पेशी. ग्रंथीतून सुटून, रक्ताबरोबर वाहत जाऊन त्यांनी हाडात संसार थाटला होता. लघवीला वारंवार उठावं लागतं, अशी बागूलभाऊंची कितीतरी वर्षांची तक्रार होती. वय झालं म्हणून त्यांनी ती सोडून दिली होती. त्या वेळी कोणी बघितलं असतं तर, हा विचार माझ्या धंद्यात रोज येतो. तो बाजूला ठेवूनच पुढची पट्टी घ्यावी लागते.

एक गोष्ट मात्र चांगली होती. प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर जगतो, हाडात गेला तरी. ते हार्मोन बनतं मुख्यतः वृषणांत. ती काढली की पेशींचं खाणं तुटतं. रोग मुळापासून जात नाही, पण पुष्कळदा असा वठणीवर येतो की आठवड्याभरात माणसाचं दुखणं पळतं. शस्त्रक्रिया छोटी, खर्च बेताचा. अडचण होती ती सांगण्याची.

अशोक मला भेटायला आला तो एकटाच. काकांना तो नाना म्हणे. म्हणाला, "मॅडम, रिपोर्टात तो शब्द लिहू नका. नाना वाचतात सगळं."

"दिसलं तेच लिहिणार मी, अशोकराव."

"मग रिपोर्ट माझ्याकडे द्या. नानांना आम्ही हर्नियाचं ऑपरेशन सांगणार आहे. असं काढणार म्हणलं तर ते जीव देतील, पण करू देणार नाय. तुम्हाला माणूस माहीत नाय."

मी देवधरांना फोन केला. ते वैतागलेच होते. "रोज येऊन हर्निया हर्निया करतोय. सही घेतल्याशिवाय मी सुरी लावणार नाही, आणि खोटं सांगून घेतलेली सही मला नको. पण खरं सांगू म्हटलं तर तो माझ्यासमोर बोलतच नाही, भिंतीकडे तोंड करून पडतो. तुमच्याशी जरा मोकळा वाटला. तुम्ही बोलाल का?"

हे माझं काम नव्हतं. पॅथॉलॉजिस्ट रुग्णाला सांगत नाही, डॉक्टरला सांगतो. तरी मी हो म्हणाले. त्या ऑइलच्या विनोदाचा त्यात वाटा असावा.

दुसऱ्या दिवशी दुपारी बागूलभाऊंना पुन्हा खुर्चीतून वर आणलं. अशोकला मी बाहेर बसवलं. हिराबाईही बाहेर निघाल्या होत्या, त्यांना म्हटलं, तुम्ही थांबा.

"बागूलभाऊ, तुमचं दुखणं कशाचं आहे ते तुम्हाला बघायचंय का?" मी विचारलं.

"दाखवा."

मायक्रोस्कोपची नळी त्यांच्या उंचीला जमवायला वेळ लागला. आधी मी आमच्या मदतनीस बाईंच्या रक्ताची पट्टी लावली, निरोगी कसं दिसतं ते कळावं म्हणून. मग त्यांच्या हाडातली.

"हे घोळके माझे?"

"तुमचेच. लघवीच्या वाटेवर एक ग्रंथी असते, तिथे हे सुरू झालं. कॅन्सर आहे हा."

शब्द उच्चारला गेला. हिराबाईंनी पदर तोंडाला लावला. बागूलभाऊंनी डोळा नळीवरून काढला नाही. तसंच विचारलं, "तिथलं इथं कसं आलं?"

"रक्तातून. गाठीतून पेशी सुटतात आणि रक्तात पडतात. रोज पडत असतील. त्यातल्या बहुतेक मरतात. रक्ताचा वेग असतो, बारीक नळ्यांमधून दाबून जावं लागतं, आपल्या पांढऱ्या पेशी त्यांना खातात. तग धरते ती एखादीच. तिलाही कुठेही राहता येत नाही. या रोगाच्या पेशींना हाड मानवतं. तिथे त्या थांबतात, वाढतात आणि रक्त बनवणाऱ्यांना हुसकावून लावतात. म्हणून तुमचं हाड दुखतं, आणि म्हणून रक्त कमी झालं."

"म्हणजे आता अंगभर."

"हाडांत पुष्कळ ठिकाणी. सगळ्या काढता येणार नाहीत. पण त्यांचं खाणं बंद करता येतं." मग ते खाणं कुठे तयार होतं आणि काय काढावं लागेल, ते मी आडपडदा न ठेवता सांगितलं. सांगताना माझीही नजर टेबलावर होती, हे कबूल करते. मी बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांची बाई, आणि समोर साठीचा फिटर.

ते नळीपासून मागे सरले. "हर्निया म्हणत होते ते हेच का?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मग राहिलं काय माणसात? लोक काय म्हणतील? गावाकडे बैलाला करतात, तेच हे."

वैद्यकाच्या पुस्तकात याचं उत्तर नसतं. बोलल्या त्या हिराबाई. तोवर त्या बाईचा आवाज मी ऐकला नव्हता.

"लोकांना कोण सांगणार हाय? आन कळलं तर कळू द्या. दोन महिने झाले, मी तुम्हाला उचलून मोरीवर नेते. त्याची लाज नाय वाटली मला, तुम्हाला वाटली. ती लाज जाणार असंल तर करून टाका. मला पोर झालं नाय तवा लोक काय कमी बोलले? तुम्ही म्हणाले होते, बोलू दे, आपण दोघं हाय ना. मग आता मी म्हणते."

बागूलभाऊंनी तोंड फिरवलं. खिडकीतून खालच्या रिक्षांचा गोंगाट येत होता. मग ते म्हणाले, "अशोकला आत बोलवा." अशोक आला. "सही मी करणार. आन परत माझ्याशी खोटं बोलायचं नाय." अशोक रडायला लागला, तेव्हा त्यांनीच त्याचा दंड थोपटला.

ऑपरेशन झालं. त्यानंतर काय होतं ते मी पुस्तकात वाचलेलं होतं, पण रुग्ण माझ्याकडे परत येत नसल्याने डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं. पंधरवड्याने सकाळी लॅबच्या जिन्यावर जड पावलं वाजली. दारात बागूलभाऊ उभे. एका हाताने कठडा धरलेला, श्वास लागलेला, पण उभे. मागून हिराबाई पिशवी घेऊन येत होत्या.

"स्टेशनवरून बसनं आलो," ते म्हणाले. "उभ्यानं."

पुढची चारेक वर्षं ते दर काही महिन्यांनी रक्त द्यायला येत. आले की पट्टी बघितल्याशिवाय जात नसत. केंद्रकवाल्या लाल पेशी आधी कमी झाल्या, मग दिसेनाशा झाल्या. हिमोग्लोबिन वर आलं. मुंबईहून येणारा पीएसएचा आकडा घसरला. एकदा त्यांनी विचारलं, "त्या रक्तात फिरणाऱ्या, त्या दिसत नाहीत का कधी?"

"कोट्यवधी पेशींत एखादी असते. आमच्या यंत्राला ती सापडत नाही. परदेशात शोधायचे प्रयत्न चाललेत."

"सापडली तर सांगा," म्हणाले.

मनमाडला पाण्याचे हाल. नळाला कधीमधी पाणी यायचं आणि आलं की गल्लीत भांडणं. बागूलभाऊंनी गल्लीच्या वर्गणीतून एक टाकी बसवली, घरोघर पाइप टाकले आणि तोट्या कधी उघडायच्या ते स्वतः ठरवून दिलं. त्यांच्यापुढे कोणाचं काही चालत नसे. पण मला अभिमान वाटतो तो दुसऱ्या गोष्टीचा. ऑपरेशनचं त्यांनी लपवलं नाही. रेल्वेतला कोणी जुना सोबती लघवीची तक्रार करायला लागला, की हे त्याला चहाच्या टपरीवरच सांगत, "मी काढून टाकलं, बघ, चालतोय. तू आधीच जा, म्हणजे काढावं लागणार नाय." आणि त्याला धरून देवधरांकडे आणत. बहुतेकांना साधी वाढ असायची. एकाचा मात्र रोग ग्रंथीतच सापडला, बाहेर पडायच्या आधी. त्या तुकड्याचा रिपोर्ट मी लिहिला. देवधर म्हणाले, "तुमच्या बागूलांनी एकाला वाचवलं." त्यांनी बागूलभाऊंना माझे म्हटलं, हे मला आवडलं.

या रोगाच्या पेशी हुशार असतात. उपाशी ठेवलं तरी कालांतराने त्यातल्या काही हार्मोनशिवाय जगायला शिकतात. एका पावसाळ्यात बागूलभाऊंच्या पट्टीवर मला पुन्हा केंद्रकवाली लाल पेशी दिसली. या वेळी फोन करायची गरज नव्हती, कारण ते समोरच बसले होते. मी उठून त्यांना जागा दिली. त्यांनी बघितलं. त्यांना आता ओळखता येत होतं.

"आल्या परत."

"हो."

"आता काय बंद करणार?"

"गोळ्या आहेत. काही दिवस उपयोग होईल. पहिल्यासारखा नाही."

त्यांनी हिराबाईंकडे बघितलं. मग म्हणाले, "चार वर्षं काढली. लय झालं. खुर्चीतून वर आणलं होतं मला."

पुढच्या उन्हाळ्यात ते मनमाडला घरीच वारले. देवधरांनी दुखण्यावरचं औषध शेवटपर्यंत पुरेल असं दिलं होतं. अशोकने कळवलं. दुकान बंद करून तो महिनाभर काकांच्या उशाशी होता.

मला वाटलं, हे खातं इथे बंद झालं. रुग्ण गेल्यावर त्याच्या घरचे लॅबची पायरी चढत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण दोन हजारच्या आसपास एका सकाळी हिराबाई आल्या. त्यांच्याबरोबर गल्लीतली मंगल, पस्तिशीची, ब्लाउज शिवून घर चालवणारी. स्तनात गाठ होती आणि ती कोणालाच दाखवायला तयार नव्हती. सुई टोचली की रोग रक्तात पसरतो, असं तिला शेजारणीने सांगितलं होतं.

"मॅडम, हिला समजावा," हिराबाई म्हणाल्या. "मी हात धरते हिचा."

मी समजावलं. सुईमुळे पसरायची भीती नसल्यात जमा असते आणि गाठ तशीच ठेवली तर ती आपली आपण पसरते, हे सांगितलं. हिराबाईंनी खरंच हात धरला. गाठ कॅन्सरची निघाली. ऑपरेशन झालं, आणि स्तन व काखेतल्या गाठी, म्हणजे प्रत्येकाच्याच काखेत असतात त्या बारीक लसीकाग्रंथी, तपासायला माझ्याकडे आल्या. स्तनातल्या पेशी निघाल्या तर बऱ्याचदा आधी काखेत अडकतात, म्हणून तिथल्या प्रत्येक गाठीचे काप काढून बघायचे असतात. मी दोन दिवस तेच करत होते, आणि शेवटची पट्टी बघून झाल्यावर सगळ्या पहिल्यापासून पुन्हा बघितल्या.

रिपोर्ट न्यायला मंगलचा नवरा येणार होता. आल्या हिराबाई. टंकलेखन व्हायचं होतं, म्हणून मी हाताने लिहिलेला कागदच घेऊन बाहेर आले.

"इंग्रजीत हाय. वाचून सांगा."

मी मराठीत वाचलं. गाठ कॅन्सरची आहे, पूर्ण निघाली आहे, कडांना रोग उरलेला नाही. काखेतल्या एकाही गाठीत कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत.

त्या उभ्याच होत्या. "म्हणजे बाहेर पडला नाय."

"मला तरी कुठे दिसला नाही. पुढची औषधं मात्र सोडायची नाहीत."

"नाय सोडणार. मी हाय ना." मग त्या बाकावर बसल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "ते काखेचं परत एकदा वाचा."

मी परत वाचलं.